बाटलीवरच्या रेघा

४ जून
सौ. वन्संना,
स. न. वि. वि.
तुमच्या लॅबचं पाकीट पोचलं. सुट्टीत ठकूला चार दिवस आत्याकडे पाठवली, ती आत्याने लाड करावेत म्हणून. मला न विचारता तिच्या दंडात सुई खुपसावी म्हणून नाही. कागद म्हणतो, आज मधुमेह नाही, पण रक्तात त्याच्या खुणा आहेत आणि पुढे तो होणार. कधी, ते कागदाला माहीत नाही. आठ वर्षांची पोर दारात दोरीच्या उड्या मारतेय आणि मी खिडकीतून, आजाऱ्याकडे बघावं तशी तिच्याकडे बघतेय. तुमचे दादा दोन दिवस डोळ्याला भिंग लावून एकाच घड्याळासमोर बसलेत. दुरुस्ती शून्य.
इथे लोभाचं लिहायची पद्धत आहे. जागा सोडली आहे.
ठकूची आई

९ जून
प्रिय वहिनीस,
सप्रेम नमस्कार.
विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. चूक आहे, कबूल. पण माझ्या थोरलीचं आठव. दिवसभर परक्यांचं रक्त तपासणारी मी. घरात पोरगी घटाघटा पाणी पीत होती, अंथरूण ओलं करत होती आणि मी तिला आळशी म्हणून झापत होते. दवाखान्यात नेली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. तुझ्यावर ती पाळी येऊ नये, एवढंच. तहानेकडे लक्ष ठेव. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे. माझ्याशी हवी तेवढी भांड, पण ते चुकवू नकोस.
तुझ्या रागासकट तुझीच,
नणंद

२ ऑगस्ट
सौ. वन्संना,
नमस्कार.
शिकवणी पोचली. ठकूच्या शाळेच्या बाटलीवर मी नेलपॉलिशने रेघा ओढल्या आहेत. ती आली की मी आधी बाटली बघते, मग तिचं तोंड. गेले दोन आठवडे बाटली जवळजवळ भरलेली परत येते. म्हणजे तुमचा कागद खोटा. तपासणीला मी तिला नेणार नाही, आणि पुढच्या सुट्टीत ती तुमच्याकडे येणारही नाही.
सोबत तिची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. दुसऱ्याच्या गोष्टीत परस्पर हात घालायची सवय आमच्याकडे नाही.
ठकूची आई

(सोबतची चिठ्ठी)
प्रिय आत्या,
आईला सांगू नकोस. बाटलीतलं पाणी कमी झालं की आई मोरीत जाऊन रडते. म्हणून मी बाटलीतलं पीत नाही, शाळेच्या नळाचं पिते, ओंजळीने. ते मोजत नाहीत ना? आता खूपच तहान लागते. बाई म्हणाल्या, सारखी सारखी बाहेर काय जातेस. ताईला पण असंच व्हायचं का?
तुझी लाडकी ठकू

१६ ऑगस्ट
सौ. वन्संना,
नमस्कार.
त्या दिवशी चिठ्ठी घेऊन तुम्ही दारात आलात, तेव्हा मी तुम्हाला आत या म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पोरीला उचलून आणावं लागलं असतं. ठकू स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेली, हे तुमच्या कागदामुळे. ती नळावर लपून पाणी प्यायली, तेही तुमच्याच कागदामुळे, असं मी आठ दिवस घोकत होते. काल बाटली घासायला घेतली. रेघा काही निघेनात. त्या मीच ओढल्या होत्या.
तुम्हाला मी माफ केलेलं नाही. तरी रविवारी या. इंजेक्शन देताना मी सुई दोनदा मागे घेते, नीट शिकवा. ठकू मलाच समजावते की अजिबात दुखत नाही. ती खरं सांगतेय की माझ्यासाठी सांगतेय, हे मला आता ओळखता येत नाही.
लोभाचं नंतर बघू.
ठकूची आई