अडीच वाजताचा आकडा

११ जून

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. गुडघ्याला आता उतार असेल. जिने चढणं टाळा.

इकडे उन्हाळा हटायला तयार नाही. सकाळी आठलाच खिडकीच्या गजांचा चटका बसतो. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी वादळ येतं, घरभर धूळ करून जातं, पाऊस मात्र नावाला. परवा समोरच्या शिंप्याच्या छपराचे पत्रे उडाले. एक आमच्या दारात पडला. तो न्यायला आला तेव्हा म्हणाला, "काका, तुम्ही हवामानवाले, आधी सांगायचं तरी!" मी म्हटलं, "आम्ही झालेलं लिहितो बाबा, होणारं नाही." त्या दिवशी माझं एवढंच बोलणं झालं. घरात पंख्याचा आवाज असतो. गार वाटलं तरी तो बंद करत नाही.

तुम्ही तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल लिहिलंत, "छोटीने जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, गेलीही हट्टानेच. मला तिचा इतका राग येतो की रडूसुद्धा येत नाही." हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच.

दवाखान्यात तुम्ही मला विचारलंत, "अहो भाऊजी, एवढ्या उन्हात ती बाहेर गेलीच कशाला?" मी म्हणालो, "ऐकते कुठे ती." तुम्ही मान हलवलीत. कुणालाच ते खोटं वाटलं नाही. तिचा लौकिकच तसा होता.

ते खोटं होतं, ताई.

तुम्ही थट्टेने म्हणायचात, "आमच्या भाऊजींना विचारल्याशिवाय ऊन पडत नाही." वेधशाळेची ती तापमान मोजायची पांढरी लाकडी पेटी तुम्ही पाहिली आहे. ती मैदानाच्या पार टोकाला होती. आसपास झाड चालत नाही, सावली चालत नाही, असा नियमच आहे. रोज दुपारी अडीचला दार उघडायचं, श्वास रोखून पारा वाचायचा, कारण आपल्याच श्वासाने तो हलतो. एकतीस वर्षांत मी एकही आकडा चुकवला नव्हता. याचा मला फार अभिमान होता.

त्या आठवड्यात माझा पाय मुरगळला होता. आकडा आणायला छोटी जात होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, सकाळपासून गरगरतंय. आज कालचाच आकडा लिहा ना. ऊन काय तक्रार करायला येणार आहे?"

मी हसलो नाही. म्हणालो, "मनाने लिहायचं तर एकतीस वर्षं झक मारली का मी?"

तिने डोक्यावर ओला पंचा घेतला आणि गेली. इतर वेळी भांडली असती. त्या दिवशी तिने माझं ऐकलं.

बराच वेळ झाला तरी आली नाही म्हणून मी लंगडत दारात आलो. तोवर शिंपी तिला उचलून आणत होता. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंग भाजत होतं. तिने मला आकडा सांगितला, ताई. दोनदा सांगितला. मी म्हणालो, "गप्प पड, बोलू नकोस." मी तिच्याशी बोललेलं ते शेवटचं.

संध्याकाळी ती गेली. त्याच सुमारास वादळ आलं आणि पेटी उलथली, आतल्या नळ्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी वेधशाळेतून फोन आला. ते नेहमीसारखं विचारत होते, त्यांना काय माहीत. तिने सांगितलेला आकडा मला काही केल्या आठवेना. अजून आठवत नाही. मी आदल्या दिवशीचाच सांगितला. चव्वेचाळीस पूर्णांक दोन. तिने सांगितलं होतं तसंच केलं, फक्त एक दिवस उशिरा.

काल वेधशाळेला खरं कळवलं. त्या तारखेची जागा कोरी ठेवा म्हणून लिहिलं. नवीन पेटी येणार होती, ती पाठवू नका म्हणालो. पण ते काम सोपं होतं. हे पत्र चार वेळा फाडलं.

तुम्ही ज्यांना ज्यांना तिच्या हट्टाचं सांगितलं असेल, त्यांना हे पत्र दाखवा. मला काय म्हणायचं ते म्हणा, मी ऐकून घेईन. तिच्यावरचा राग तेवढा सोडा. आणि एकदा तिच्यासाठी मनासारखं रडून घ्या. इतके दिवस ते मी अडवून ठेवलं होतं.

शेवटी 'तुमचा भाऊजी' असं लिहीत आलो आहे. आज लिहीत नाही. तसं म्हणायचं की नाही, ते आता तुम्ही ठरवा.