सोजरले घरी आणतो

नागपूर, ता. ९ फेब्रुवारी १९३८

तीर्थरूप मायले जगदेवचा पाया पडून नमस्कार.

तुही सून सोजर आता बरी हाये. दोन्ही वेळ जेवते, झोपते. पोरगी रांगते काय म्हणून रोज इचारते.

बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं तवा आपण तिले गुरांच्या कोठ्यात बांधलं, हे मी डाक्तरले सांगितलं. ते म्हणाले, "ही बाधा नाही, आजार आहे. ताप आलेल्या माणसाला कोणी बांधतं का?" तिच्या मनगटावर दोराचे वळ अजून हायेत. पाहून रडू नको.

काल तिनं इचारलं, "गावात माह्याबद्दल काय सांगतलं?"

"माहेरी गेली म्हणून."

"खोटं काहून? येड्याच्या दवाखान्यात होती, मीच सांगीन."

तू दुसऱ्या लग्नाचं लिहिलं होतं. ते पुन्हा काढू नको.

शुक्रवारी दुपारी वाशीमले उतरतो. बैलांची दमणी पाठवजो, पण तिले पडदा नको. भर बाजारातून येऊ.

दारात आल्याबरोबर पोरगी तिच्या हाती देजो. भेऊ नको.

तुहा,
जगदेव