ॲलिस स्प्रिंग्जचं तारघर

ॲलिस स्प्रिंग्ज,
२४ मे २०२१

प्रिय आई,

पाया पडते. ताप परत आला नाही ना? परवा तू अर्धी भाकरी खाल्लीस, असं लीनावहिनी म्हणाली. बरं वाटलं. म्हणजे वाटायला हवं होतं.

आम्ही टूवूंबाहून वाळवंट बघायला आलोय. तुम्ही दोघं येणार म्हणून मागच्या वर्षी केलेल्या बुकिंगचं व्हाउचर याच महिन्यात संपत होतं. सलिल म्हणाला, घरात भिंतीकडे बघत बसतेस, त्यापेक्षा चल. उलुरूचा तो प्रचंड लाल खडक पाहिला. लोक खुर्च्या टाकून सूर्यास्ताची वाट बघत होते आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. चिन्मयी म्हणाली, "मम, यू आर नॉट ईव्हन लुकिंग." पोरगी खोटं बोलत नाही.

आज इथलं जुनं तारघर पाहिलं. बाबांच्या यादीत हे पहिलं होतं. तीस वर्षं पुण्याच्या तारखात्यात काढलेला माणूस, वाळवंटात येऊन बघणार काय, तर तारघर! दगडी खोल्या, टेबलावर यंत्र. इथला माणूस आलेली तार ऐकून उतरवून घ्यायचा आणि पुढे ॲडलेडकडे पाठवायचा. गाइड हे सांगत होता आणि मला बाबाच ऐकू येत होते: वाईट बातमीची तार आधी पोचवायची, ती अडवून ठेवायचा हक्क आपला नाही.

मी तिथल्या बाकावर बसले, ते उठवेचना.

आई, गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, ह्यांना त्या हॉस्पिटलात बिनसाखरेचा चहा देतात ना गं? मी म्हटलं, हो, देतात. चक्क थाप मारली. त्यानंतर तुझा फोन घेतला नाही.

बाबा चार तारखेला पहाटे गेले. तू तेव्हा ऑक्सिजनवर होतीस. यतिनदादा म्हणाला, तिला थोडी ताकद येऊ दे, मग सांगू. मीही मान डोलावली. शेवटचं सगळं दादाने एकट्याने केलं, पीपीई किट घालून. इथून निघायची सोय नव्हती, मी मोबाइलवर पाहिलं. अजून रडू आलेलं नाही, नुसता दगड झालाय माझा. हे पत्र दादाला न विचारता लिहितेय. लीनावहिनीला विनवलंय, ती तुझ्याजवळ बसून वाचेल. रागवायचं तर माझ्यावर रागाव.

दादा तुझे व्हिडिओ पाठवतो. त्यात तू टिकली लावून बसलेली असतेस, मंगळसूत्र नीट करतेस आणि आम्ही बघत राहतो. ते काढायचं की ठेवायचं, कुणाचंही ऐकू नकोस, माझंसुद्धा. वीस दिवस तुझ्या वतीने आम्हीच फार ठरवलं.

तुझी आणि बाबांची,
मयूरा