सासूबाईंना कडेला उभं केल्याबद्दल

ती. मामांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा कसा आहे? ऑपरेशनमुळे तुम्हाला लग्नाला येता आलं नाही याची सगळ्यांना हळहळ वाटली. मला मात्र आता तुमचा हेवा वाटतो. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण खोटं कशाला बोलू? तुमची भाची एकोणीस दिवसांपूर्वी माहेरी निघून गेली आणि फोन उचलत नाही. मी ओट्यापाशी उभ्या उभ्या काहीतरी गिळतो आणि भिंतीकडे बघत बसतो.

कारण काय, तर एक लेन्स! मेहुणीच्या लग्नाचे फोटो घरचा फोटोग्राफर म्हणून मीच काढायचे ठरले (म्हणजे मला कुणी विचारलं नाही). आठ दिवस डोकं खाजवून तीन लेन्स निवडल्या. टेलीने लांबूनच चेहरा टिपता येतो, माणसाला पत्ताही लागत नाही. पण त्यात मावतो जेमतेम एक माणूस. पन्नासची लेन्स सर्वांत प्रामाणिक, आहे तसं दाखवते (म्हणून गिऱ्हाइकांना ती आवडत नाही). पण हॉल निघाला बोळासारखा. सदतीस माणसांचा ग्रुप पन्नासमध्ये बसवायला मी मागे सरकत सरकत थेट जिन्यात पोचलो, तरी दोन्हीकडची चार-चार माणसं बाहेरच. मग नाइलाजाने वाइड लावली. आता वाइडचा एक खोडसाळपणा असतो, मामा. मधली माणसं शहाण्यासारखी राहतात आणि कडेची पसरतात. म्हणून आमच्या धंद्यात कडेला काटकुळी माणसं उभी करतात. मी तशी केलीही होती हो! तेवढ्यात सासूबाई जेवणाची व्यवस्था बघून धापा टाकत आल्या आणि मी कर्मदरिद्री ओरडलो, "आई, तिथेच कडेला उभ्या राहा!"

अल्बम आला. पान संपलं तरी आईंचा खांदा संपेना. दुसऱ्या कडेला सासरेही तेवढेच रुंद झालेत, पण ते खूश आहेत; आयुष्यात पहिल्यांदाच कर्ता पुरुष दिसतोय म्हणाले. तुमची भाची त्याच दिवशी बॅग भरून गेली. मग मी कॉम्प्युटरवर आईंना दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं, तर शेजारी उभी असलेली तुमची भाची मिटलेल्या छत्रीसारखी झाली. तो फोटो घेऊन मी समजूत घालायला गेलो, ही दुसरी चूक. आता दोघीही बोलत नाहीत.

मामा, आई जगात फक्त तुमचं ऐकतात. दोष काचेचा आहे, जावयाचा नाही, एवढं त्यांच्या गळी उतरवा. हिच्याशिवाय घर खायला उठतं.

तुमचा (निदान आजपर्यंत) भाचेजावई

ता. क. एक गोष्ट वर लिहायची टाळली. निघताना तुमची भाची दारात म्हणाली, "आई जाड दिसली म्हणून नाही रडत. पोटच्या पोरीच्या लग्नात तिला कडेला उभं केलंत, म्हणून रडते." यावर मी तिला वाइड लेन्स कशी चालते ते समजावून सांगितलं.

आणखी एक. रविवारी नवरी माहेरी येतेय. तुम्हीही काठी घेऊन याच. अंगणात जागा भरपूर आहे, पन्नासची लावू आणि आईंना मधोमध उभं करू. फक्त बटण तुम्ही दाबा, मी शिकवतो. या एकोणीस दिवसांत अल्बम चाळून चाळून पाठ झाला, तेव्हा कळलं की त्याच्या दोनशे फोटोंत मी कुठेच नाही. बाकी कुणाच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.