विश्रांती अर्धा दिवस, गरज पडल्यास

२ फेब्रुवारी, सकाळ
तयारी पूर्ण. घर ते देवस्थान तीनशे शहाण्णव किलोमीटर. अठरा दिवस, रोज बावीस. विश्रांती: नवव्या दिवशी अर्धा दिवस, गरज पडल्यास. पडणार नाही.

एकतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं बनवली. दोनशे चाळीस गाड्या माझ्या कागदावर धावत होत्या. स्वतःचे दोन पाय म्हणजे किरकोळ काम.

बायकोने कागद पाहिला, नवव्या दिवसाच्या गावाचं नाव उगाच कुठेतरी टिपून घेतलं आणि विचारलं, गुडघ्यांना विचारलंत का? मग ती फिरायला गेली. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी जाते. एकटीच. मला प्लॅनिंगमधून वेळ मिळत नाही.

तिला वाटतंय मी तब्येतीसाठी निघालोय. वाटू दे. खरी गोष्ट माझ्यात आणि वरच्यात आहे. जूनमध्ये हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून म्हणालो होतो, हिला सुखरूप बाहेर आण, घरापासून तुझ्या पायरीपर्यंत चालत येतो, वाटेत वाहनात पाय ठेवणार नाही. त्याने शब्द पाळला. आता माझी पाळी.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ ७
सत्तावीस किलोमीटर! पहिल्याच दिवशी पाच पुढे. वाटेत चार जणांना मागे टाकलं. त्यातला एक जाडजूड, छत्रीवाला, सकाळी दहाला बूट काढून झाडाखाली बसला होता. अशा लोकांनी यात्रेची सहल केली आहे. त्याला किती वाजले ते सांगितलं. निर्लज्ज. थँक्यू म्हणाला.

४ फेब्रुवारी
एकोणीस. टाच थोडी बोलते आहे. दुकानातला बूटवाला म्हणाला होता, साहेब, पायात घाला आणि चालू लागा, हे बूट रुळवावे लागत नाहीत. साफ थाप. परत गेल्यावर लेखी तक्रार. तरी अजून दोन किलोमीटर पुढेच आहे.

५ फेब्रुवारी
नऊ.
उजव्या टाचेला दोन फोड, डाव्या अंगठ्याला एक, लिंबाएवढा. दुपारी छत्रीवाला मागून आला, कापूस देऊ का म्हणाला. नको म्हटलं. मग सबंध तीन किलोमीटर त्याचा राग येत राहिला. त्या रागावरच यात्री निवासापर्यंत पोचलो. एकूण पंचावन्न. अकरा मागे. उद्या भरून काढीन.

६ फेब्रुवारी
यात्री निवास चालवणारी बाई पूर्वी नर्स होती. स्वभावाने जेलर. न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, वास घेतला आणि निकाल दिला, किमान तीन दिवस. मी सांगितलं, पहाटे पाचला निघणार. ती म्हणाली, दाराला कुलूप नसतं.

पाचला उठलो. उभा राहिलो. बसलो.

टीप: ही विश्रांती नव्हे. फेरआखणी आहे.

बायकोचा फोन. कुठवर आलात? कागदावरून वाचून दाखवलं. हे खोटं नाही. मी जिथे असायला हवा तिथलाच पत्ता दिला.

७ फेब्रुवारी
फेरआखणी, दिवस दुसरा. आता रोज सव्वीसच्या वर. अगदी शक्य आहे. जेलरने माझे बूट कपाटावर ठेवले आहेत, हात पोचत नाही अशा जागी. मी म्हटलं, हा अन्याय आहे. ती म्हणाली, स्टूल घ्या आणि चढा. स्टुलावर चढण्यासाठी टाच लागते. ते तिला माहीत होतं.

८ फेब्रुवारी
आता रोज अठ्ठावीस. या बाईमुळे माझा वेग वाढत चालला आहे, कागदावर.

संध्याकाळी बायकोला नदी, पूल आणि पुलावरचं धुकं सांगितलं. नदी नको होती. पण ओघात आली. ती म्हणाली, जपून हो, पुलावर ओलं असतं. इतका विश्वास कोणी ठेवतं का? फोन ठेवल्यावर मलाच तिचा राग आला.

१० फेब्रुवारी
निघालो! सहा किलोमीटर झाले आणि गुडघ्याने संप केला. पुढे मुक्कामाची सोय नाही. परत सहा. म्हणजे आज एकूण बारा झाले. बारा म्हणजे बारा. फक्त दिशा बदलली.

जेलरने दार उघडलं. स्टूल पुढे सरकवलं, बसायला. चढायला दिलं असतं तर परवडलं असतं.

११ फेब्रुवारी, सकाळ ८
बायकोचा फोन. आवाज भलताच खुशीत. म्हणाली, आज तुमचा नववा दिवस, अर्ध्या दिवसाची विश्रांती ना? मी दुपारच्या बसने येते. पाचला पोचते. गुडघ्यांसाठी मलम घेतलंय. बसस्थानकावर थांबा.

नवव्या दिवसाचं गाव इथून एकशे त्रेचाळीस किलोमीटर पुढे आहे.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, तुम्ही एवढं चालून दाखवाल असं वाटलं नव्हतं हो. तोंड मिटलं.

बस आठ चाळीसची. वरच्याला स्पष्ट सांगितलं, टाच तू दिलीस, गुडघा तू दिलास, आता माझ्याकडे बघू नकोस. आठ एकेचाळीसला दोन्ही पाय बसमध्ये होते. नवस मोडायला एक पायरी पुरते.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ ७
लिहितोय. रागाने.

दोन तासांनी ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि मागच्या सीटवर आडवा झाला. वीस मिनिटं! मी जाब विचारला. तो म्हणाला, काका, कागदावर सलग सहा तास गाडी आणि मध्ये आराम शून्य मिनिटं. ज्याने तो कागद बनवला तो खुर्चीत बसायचा. आमची वीस वर्षं असा चोरून आराम करण्यात गेली. मी विचारलं, कोणी बनवला? त्याने माझं नाव घेतलं. नाव बरोबर होतं. मागचं विशेषण इथे लिहिण्यासारखं नाही. ओळख दिली नाही. माझं लंगडणं बघून त्याने मला पुढची, पाय पसरायची सीट दिली. त्याचा तर जास्तच राग आला.

दोनला पोचलो. पाचपर्यंत बसस्थानकाभोवती फेऱ्या मारल्या, थोडा घाम हवा म्हणून. बुटांवर माती चोळली. पाचला ती उतरली. मला बघून असा चेहरा झाला तिचा, की क्षणभर मलाच वाटलं, मी चालत आलोय.

तेवढ्यात परतीची गाडी काढायला आलेला तोच ड्रायव्हर धावत आला. काका, तुमची टोपी सीटवर राहिली. माणूस सज्जन होता. देऊन गेला.

तिने टोपीकडे पाहिलं. बसकडे पाहिलं. मग बाकावर बसली.

मी भडकलो. ड्रायव्हरवर, टोपीवर, बूटवाल्यावर, तिच्या ऐन वेळी येण्यावर. दहा मिनिटं बोललो. लोक थांबून ऐकत होते. त्या भरात तोंडातून निघून गेलं, तुझ्यासाठीच चाललो होतो आणि तुझ्यापायीच नवस मोडला!

ती म्हणाली, ऑपरेशनच्या वेळी तुम्ही कॅन्टीनमध्ये होतात, असं सांगितलं होतंत. मी म्हटलं, हो, तसं सांगितलं होतं. ती रडली. मला वाटलं, सुटलो. मग डोळे पुसून ती जी चिडली! आठ महिने रोज सकाळी मी एकटी चालतेय, म्हणाली. एकदा तरी सोबत आलात का? माझ्यासाठी चालायचंच होतं तर गल्लीच्या टोकापर्यंत चालला असतात.

यावर उत्तर आहे. सापडलं की लिहीन.

१२ फेब्रुवारी
निर्णय झाला. तिचा. नवस जिथे मोडला तिथून पुन्हा सुरू, दोघांनी. बसने जेलरकडे परत, तिथून पायी. मी म्हटलं, देव हे धरणार नाही. ती म्हणाली, नवस माझ्या नावाचा आहे ना? मग त्याच्याशी मी बोलेन.

रोज आठ किलोमीटर. दोन दिवस चाल, तिसऱ्या दिवशी विश्रांती, सबंध. मी हिशेब केला, एप्रिलचा मध्य उजाडेल. ती म्हणाली, मग? ऑफिसला जायचंय?

१४ फेब्रुवारी
आठ. ती पुढे, मी मागे. तिला सांगितलं, ही शर्यत नाही. ती म्हणाली, मी हळूच चालतेय.

१५ फेब्रुवारी
आठ. वरीलप्रमाणे.

१६ फेब्रुवारी
विश्रांती. अख्खा दिवस वाया. सकाळभर धुमसत होतो. ती उन्हात पाय पसरून बसली होती. विचारलं, विश्रांतीच्या दिवशी नेमकं करायचं काय? काही नाही, म्हणाली, तेच करायचं. हे काय उत्तर झालं? याविरुद्ध मुद्दे काढायला बसलो. तीन मुद्द्यांनंतर झोप लागली. चार तास.

१७ फेब्रुवारी, सकाळ १०
साडेतीन किलोमीटर. ठरल्याप्रमाणे विश्रांती परवा आहे.
आजच मागितली.
ओरडून मागावी लागली, कारण ती बरीच पुढे गेली होती.