आजोबांचा फाटलेला सूर

मंगफ, कुवेत
शनिवार

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही प्रकृती आणि हवापाण्यापलीकडे बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी ज्यांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देते त्यांच्यात मजीद नावाचे एक कुवेती गृहस्थ आहेत. ऐंशीच्या पुढचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. त्यांचे वडील गलबतातून खजूर घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे घरात अजून थोडी हिंदी आहे. मंगळवारी व्यायाम झाल्यावर त्यांनी वडिलांचा जुना ग्रामोफोन लावला. म्हणाले, "ये तुम्हारे बंबई का है." मला घरी जायची घाई नव्हती. हल्ली नसतेच.

जॅझ होतं. तबकडीवर एका हॉटेलच्या बँडचं नाव होतं. बाबा, आजोबा सांगायचे तेच नाव. ते म्हणायचे, सांगलीच्या लग्नाच्या बँडमधून मुंबईला गेलो, छत्तीस साली रेकॉर्डिंगला ट्रम्पेट वाजवला, शेवटी सूर फाटला, पण ध्वनी कोरायची मेणाची दुसरी तबकडी शिल्लक नव्हती म्हणून कंपनीच्या साहेबानं तसाच राहू दिला. हे सुरू झालं की तुम्ही ताटावरून उठायचात. थापा, म्हणायचात. मग आजोबा गोष्ट अर्धीच सोडून जेवायचे.

मी बसून ऐकलं. शेवटी शेवटी ट्रम्पेट वर चढला, फाटला, जरा थांबला आणि पुन्हा त्याच सुरावर जाऊन नीट उभा राहिला. मला रडू आलं. मजीदना सगळं सांगितलं, तर ते कितीतरी वेळ माझा हात धरून होते. त्यांच्या बहिणी या तबकडीवर नाचायला शिकल्या. सूर फाटायची जागा आली की घरातली सगळी मुलं टाळ्या वाजवायची. तिकडे आजोबा आपल्या घरी कोपऱ्यात बसून होते, आणि इथे त्यांना रोज टाळ्या पडत होत्या. मी फोनवर भरून घेतलं आहे, तुम्हाला पाठवते.

पण फक्त तेवढ्यासाठी लिहीत नाही. दर शुक्रवारी तुम्ही विचारता, उदयराव कसे आहेत, आणि मी म्हणते, ड्यूटीवर आहेत. ते दीड वर्षापूर्वी मला सोडून गेले. माझं खोटं तुम्ही लगेच मानता. आजोबांचं खरं कधी मानलं नाहीत, म्हणून मला सांगायची भीती वाटली. येत्या शुक्रवारी उदयरावांचं काही विचारू नका. मी जेवले का, एवढंच विचारा.

तुमचीच,
उल्का