छपाई : अज्ञात सेविका

शनिवार, ९ मार्च २०२४ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, विधी महाविद्यालयाच्या सभागृहात, माझ्या भाच्याने चारचौघांत माझा अपमान केला. तो तिथला प्राचार्य आहे. म्हणून मी, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, त्याच महाविद्यालयातून निवृत्त झालेली टंकलेखिका, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. दडपण कोणाचेही नाही. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, खोटे बोलायची सवय लागली नाही, आणि मान खाली घालायची होती ती सुटली.

आधी हकीकत. कायद्याचे शिक्षण कोणकोणत्या साध्या यंत्रांवर चालत आले, याचे प्रदर्शन त्याने भरवले. बोरूपासून संगणकापर्यंत सगळे मांडले. गर्दी मात्र माझ्या सायक्लोस्टाइल यंत्राभोवती. ज्याला त्याला हँडल फिरवायची हौस. कागद निघाला तो आरशात पाहिल्यासारखा उलटा.

"जुनं झालंय, बिघडलंय," प्राचार्य म्हणाले.

मी दुसऱ्या रांगेतून म्हटले, "यंत्राला काही झालेलं नाही. स्टेन्सिल उलटी लावली आहेस."

"आत्या, तू बस ना गं!" मग पाहुण्यांकडे वळून, "आमच्या आत्याला हँडल फिरवायची भारी आवड!"

सभागृह हसले. मी पाटी वाचली. ‘टिपणे : प्राध्यापक. छपाई : अज्ञात सेविका.’ हे प्राध्यापक म्हणजे त्याचे सासरे.

सासरे आठवड्याला दहा-बारा ओळी खरडून द्यायचे. "बाई, बाकीचं तुम्ही भरून टाका." मी ग्रंथालयात बसून भरले, टाइपरायटरची रिबन काढून मेणकागदाच्या स्टेन्सिलवर कोरले, कोपरापर्यंत शाई माखून छापले. एकतीस वर्षे. दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गाला येणारी मुले त्यावर वकील झाली. भाचाही त्याच टिपणांवर पास झाला.

आता व्यवस्था.

१. सायक्लोस्टाइल यंत्र माझे आहे. महाविद्यालयाने भंगारात काढले तेव्हा मी विकत घेतले. पावती जोडली आहे. प्रदर्शनाला ते फक्त उसने दिले होते. ते आणि टाइपरायटर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवालीला. तिने विचारले होते, "काकू, वीज नसताना हे चालायचं कसं?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐकले.

२. भावजयीने ‘चार दिवसांसाठी’ नेलेले शिलाई मशीन तिलाच राहू द्यावे. दोरा का तुटतो हे मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

३. बँकेतली ठेव संध्याकाळच्या वर्गाच्या ग्रंथालयाला. त्यातून घेतलेले एकही पुस्तक सासऱ्यांच्या नावाच्या कपाटात ठेवू नये.

४. दोन खोल्यांचे हे घर भाच्याला.

५. मात्र मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काहीही मिळू नये, असा एक जुना नियम आहे. सासरे तो विसरले होते. टिपण सदतीसमध्ये मी घातला. कोणी फाटे फोडू नयेत म्हणून ती माझी अटही समजावी. तसे घडल्यास घरही झेरॉक्सवालीला.

लिहून देणार : सही
साक्षीदार : (१) सही, तळमजल्यावरचे दंतवैद्य
(२) सही, प्राचार्य, विधी महाविद्यालय
स्थळ : माझे राहते घर. रविवार, १७ मार्च २०२४.

सह्यांनंतरची नोंद : दंतवैद्यांसमोर मी प्राचार्यांना दोनदा विचारले, "वाचतोस का?"

चहाचा कप न ठेवताच त्याने सही केली. "आत्या, साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो. सही कोण करतंय एवढंच बघायचं. एवढा कायदा येतो मला."

प्रत उद्या पोस्टाने त्याच्याकडे जाईल. पाटीवर ‘टिपणांची लेखिका’ म्हणून माझे पूर्ण नाव घातल्याचे लेखी उत्तर, त्याच्या सहीनिशी, शुक्रवार, ५ एप्रिल २०२४, सायंकाळी पाचपर्यंत माझ्या हाती पडले पाहिजे. पडले तर मी नवे मृत्युपत्र करीन आणि साक्षीला दुसऱ्याला बोलावीन. पाच वाजून एक मिनिटाने आलेले पत्र न उघडता परत जाईल. फोन करू नये.